फोटो: सोल्वेग रुस्टाड, लाहती रोड

लाहती रोड, ११ एप्रिल

मर्ल,

आत्ताच आणखी एक गाडी वळवून परत पाठवली. माझी गाडी रस्त्यात आडवी लावली आहे आणि बॉनेटवर कागद ठेवून हे लिहिते आहे. पेनातली शाई गोठते, म्हणून पेन्सिल. मागे कोणीतरी हॉर्न वाजवतं आहे. वाजवू दे.

मघाशी एका बाईने काच खाली करून विचारलं, "फोटोखाली नाव आहे त्या तुम्हीच का?" मी म्हटलं, कुठल्या फोटोखाली? तिने फोन पुढे केला. तुझा ब्लॉग, 'मर्लची खिडकी'. त्यात माझं करडं घुबड, घरट्यावर बसलेलं. आणि खाली ठळक अक्षरांत: 'फोटो: माझी मावसबहीण सोल्वेग रुस्टाड. स्थळ: लाहती रोड, गवताच्या जुन्या कोठारामागे. सर्व श्रेय तिला.'

मी तो फोटो माझ्या पानावर टाकला तेव्हा खाली एक अक्षर लिहिलं नव्हतं. गाव नाही, रस्ता नाही, तारीख नाही. फोटो गेल्या वर्षीचा. वर्षभर कोणाला दाखवला नाही. घुबडांमागे हिंडणारे सगळे असंच करतात. घरट्याची जागा सख्ख्या नवऱ्यालाही सांगत नाहीत. मादी यंदा पुन्हा त्याच मोडक्या ॲस्पनच्या खोडावर बसली आहे. खाली अंडी आहेत आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत ती उठता कामा नये. उठून लांब राहिली तर अंडी गारठतात. एवढंच आहे, यात समजायला अवघड काही नाही.

अर्वो लाहतीने मला त्याच्या जमिनीत पाय ठेवू दिला तो याच अटीवर. "कोणाला कळता कामा नये." अर्वो एका आठवड्यात बोलतो त्यातले निम्मे शब्द त्याने त्या दिवशी खर्च केले. आणि रस्त्याला त्याच्या बापाचं नाव आहे, मर्ल. रस्ता सांगितलास म्हणजे तू त्याचं दार दाखवलंस.

आज तो दारात उभा राहून मला म्हणाला, "तुझ्या भावाला तोंड आहे की भोंगा?"

तुला दोन ईमेल टाकले. उत्तर म्हणून तू हसरा चेहरा पाठवलास. कागदाला हसरा चेहरा चिकटवता येत नाही, म्हणून हे पत्र. ते पान उतरव. हे वाचून होण्याआधी उतरव.

सोल्वेग


रॉचेस्टर, १५ एप्रिल

प्रिय सोल्वी,

तुझं पत्र मिळालं. पेन्सिल फार पुसट आहे, दिव्याखाली धरून वाचावं लागलं. आधी तब्येतीचं सांगतो. आपल्या वयात असं गारठ्यात रस्त्यावर उभं राहू नये.

खरं सांगू? मला वाटलं होतं, तुझं आभाराचं पत्र येईल.

मी इंटरनेटवरून जे फोटो घेतो त्या सगळ्यांखाली नेमाने लिहितो: 'ज्याचं असेल त्याला श्रेय. चोरीचा हेतू नाही.' सगळेच असं लिहितात. तुझ्यासाठी मात्र मी खास केलं. नाव दिलं, नातं दिलं, जागा दिली. कोपऱ्यात तुझं बारीक नाव होतं ते घुबडाच्या शेपटीवर येत होतं, म्हणून तेवढी कड कापली. पण खाली तेच नाव चांगलं मोठं केलं. आता यात तुझं काय गेलं? मला या ब्लॉगमधून एक पैसा मिळत नाही. चर्चच्या गायनात माझ्या शेजारी एल्डन उभा राहतो, तो वकिलाच्या कचेरीत होता. तो म्हणतो, पैसा नाही तर गुन्हा नाही.

जागा कशी ओळखली ते विचारलंही नाहीस! फोटोच्या कडेला कोठाराच्या भिंतीचा तुकडा दिसतो. खाली अरुंद, वर रुंद. मावशीकडे सुट्टीत असताना मी त्याच छपरावरून उडी मारून गळपट्टीचं हाड मोडून घेतलं होतं. जगात दुसऱ्या कोणाला ती भिंत ओळखू आली नसती. मी खुर्चीतून ओरडलोच. एकट्याच्या घरात ओरडलं तर कोणी येत नाही, ते सोड.

माझं लिखाण रोज वाचणाऱ्यांत मी स्वतःही धरलेला असतो. हे पान मात्र पक्ष्यांच्या कुठल्याशा मंडळाने उचललं आणि देशभर फिरलं. परवा एल्डन पार्किंगमध्ये थांबून माझ्याशी बोलला. इतकी वर्षं तो फक्त मान हलवायचा.

तेव्हा उतरवू कसा? लोकांचा हिरमोड होईल. पण तुझा मान राखून खाली एक ओळ वाढवली आहे: 'घरट्याजवळ कृपया शांतता राखा.'

तुझा,
मर्ल


लाहती रोड, १८ एप्रिल

मर्ल,

काय दिवे लावलेस. पत्ता दिलास आणि वर शांततेची पाटी लावलीस.

शांतता अशी आहे. काल एकाने फोनवर घुबडाचा आवाज लावून कुंपणापाशी धरला. दुसऱ्याने प्राण्यांच्या दुकानातून पांढरे उंदीर आणले आणि बर्फावर सोडले. नर खाली उतरला की त्याचा फोटो मिळावा म्हणून. दोघेही तुझं नाव घेत होते. मादी उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा बसली. उद्या बसेलच असं नाही.

अर्वो आता मला कॉफीला बोलावत नाही. जे सांगायचं ते कुंपणापलीकडून सांगतो. पूर्वी तो आत बसवून काही सांगत नसे. ते बरं होतं.

तुझ्या शंकांची उत्तरं. श्रेय देणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याची गाय सोडून नेलीस आणि तिच्या गळ्यात त्याच्या नावाची पाटी अडकवलीस, तर गाय तुझी होत नाही. दूध फुकट वाटलंस तरी होत नाही. आणि 'चोरीचा हेतू नाही' असं म्हणत दुकानातून सामान घेऊन बाहेर पडलास तर दारावरचा माणूस तुला हार घालणार नाही. फोटो मी घेतला त्या क्षणी तो माझा झाला. त्यासाठी कोपऱ्यात नाव लागत नाही. ते होतं, आणि तू ते कापलंस. गुन्ह्यात जरा कमी पडत होतं ते तू स्वतःच्या हाताने पुरं केलंस. एल्डन वकिलाच्या कचेरीत नेमकं काय करत होता ते त्याला एकदा विचार.

आता नीट ऐक. मला फोटोचं फार काही वाटत नाही. तो तुझ्या भिंतीवर लावून रोज आरती केलीस तरी चालेल. मला त्या रस्त्याचं नाव उतरलेलं हवं आहे. पण रस्त्याचं नाव कोणाच्या मालकीचं नसतं. ते उतरव म्हणायला माझ्या हातात कायदा नाही. फोटो उतरव म्हणायला आहे. दोन्ही एकाच पानावर आहेत. म्हणून मी फोटोबद्दल भांडते आहे. तुला हे कळावं एवढी तरी आशा ठेवते.

सोल्वेग


रॉचेस्टर, २३ एप्रिल

प्रिय सोल्वी,

तुझं पत्र वाचलं आणि खरंच पटलं की वादाला दोन्ही बाजू असाव्यात. म्हणून ते पत्र मी काल ब्लॉगवर टाकलं. पूर्ण, एक शब्द न गाळता. खाली लिहिलं, 'पत्र: सोल्वेग रुस्टाड. सर्व श्रेय तिला.' आता तर झालं ना समाधान?

लोकांना गाय फार आवडली. ओरेगॉनची एक बाई लिहिते, "तुमची बहीण काय छान लिहिते! पण एवढी चिडकी का?" मी लिहिलं, ती लहानपणापासूनच तशी आहे. त्यावर एकाने विचारलं, हा अर्वो कोण, तो मुलाखत देईल का? मी सांगितलं, बोलणारा माणूस नाही, पण मनाने चांगला आहे.

एल्डन हल्ली मान हलवत नाही. तुझ्या पत्रात त्याचं नाव आलं ते त्याच्या बायकोने वाचलं. कचेरीत तो दारावर होता म्हणे. हे मला माहीत नव्हतं आणि तुलाही नव्हतं. पण बसली बरोबर.

सगळे मिळून चर्चा करतायत. तुझ्या घुबडामुळे माझ्या खिडकीला पहिल्यांदाच माणसं लागली. रागावून काय करणार आहेस?

तुझा,
मर्ल


२६ एप्रिल

मर्ल,

पत्राचा कागद तुझा. शब्द माझे. पाठवल्याने ते तुझे होत नाहीत. हाही कायदाच आहे, आणि तोही तू मोडलास. चोरीची तक्रार चोरून छापणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता, आणि तो माझ्याच मावशीच्या पोटी निघावा!

तुझा ब्लॉग ज्या कंपनीच्या जागेवर चालतो तिला मी रीतसर नोटीस पाठवली आहे. फोटोच्या पानासाठी एक, पत्राच्या पानासाठी एक. ते तुझ्याशी चर्चा करणार नाहीत. दोन्ही पानं उतरवतील आणि तुला कळवतील.

लोकांना चित्रं दाखवायची एवढी हौस असेल तर कॅमेरा घे. स्वतः उभा राहा. स्वतःचे पाय गारठवून घे. स्वतः काढलेला फोटो लाव. मग तुला कोणी एका शब्दाने बोलणार नाही. मी तर नाहीच.

हे पत्र छापलंस तर तिसरी नोटीस.

सोल्वेग


रॉचेस्टर, १ मे

सोल्वी,

दोन्ही पानं गेली. त्या जागी एक करडा चौकोन आहे आणि खाली लिहिलं आहे की हक्कदाराच्या तक्रारीवरून मजकूर हटवला. मी रोज तो चौकोन उघडून बघतो आहे. सगळ्या गल्लीदेखत कोणी कानाखाली मारावी तसं वाटतं.

पहिल्या दिवशी तुझ्यावर फार चिडलो. दुसऱ्या दिवशी जुनी पानं चाळायला बसलो. या खिडकीत इतकी वर्षं मी लिहितोय. त्यातलं माझं काय आहे ते बघू म्हटलं. सूर्यास्त माझा नाही. बर्फ माझं नाही. मोटारीने केलेल्या प्रवासाचे फोटोसुद्धा माझे नाहीत. मी गेलो होतो, पण इंटरनेटवर जास्त चांगले होते. बस्टर गेला तेव्हा मी त्याच्यावर लिहिलं होतं, तुला आठवत असेल, तू फोन केला होतास. तो फोटोतला कुत्रा बस्टर नव्हता. कोणा दुसऱ्याचाच कुत्रा. तो बस्टरपेक्षा जास्त बस्टरसारखा दिसत होता.

सगळं उतरवलं. खिडकी रिकामी आहे.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू बरोबर आहेस. दुकानात जाऊन कॅमेरा आणला, लांबचं ओढून आणणाऱ्या भिंगासकट. दुकानातल्या मुलीने दाखवलं तेवढं सगळं लिहून घेतलं. यापुढे माझ्या खिडकीत माझंच असेल. दुसऱ्याचं काहीही नको.

माफ केलंस तर बरं वाटेल.

मर्ल


४ मे

प्रिय मर्ल,

कुत्र्याचं वाचून मी हसले, मग हसू थांबलं. त्या वेळी फोनवर मी तुला म्हटलं होतं की त्याचे डोळे किती प्रेमळ होते. कोणाचे होते देव जाणे.

इथे निवांत झालं आहे. पान गेल्यापासून गाड्या कमी होत गेल्या. शेवटी आले ते चुकून आलेले, एक नवराबायको, सरपणाचा पत्ता शोधत. मादी बसून आहे. काल तिने पोट जरा उचललं आणि चोचीने खाली काहीतरी सारखं केलं. एकदोन दिवसांत पहिलं पिल्लू बाहेर येईल असं वाटतं. अर्वोने मला आत बोलावून कॉफी दिली. काही बोलला नाही. मीही नाही. छान गेला तास.

या शनिवारी हॉस्पिटलात माझी ड्यूटी आहे, दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत एक्स-रेच्या खोलीत. तेवढा वेळ फाटकाकडे अर्वो बघेल.

कॅमेऱ्याचं छान केलंस. तुला एवढं कळेल असं मला वाटलं नव्हतं. ते माझं चुकलं असं समज. तुझ्या मागच्या अंगणात लाल कार्डिनल येतात त्यांच्यापासून सुरुवात कर. ते स्वतःच मिरवायला येतात, त्यांना कोणी पाहिलं तर चालतं.

सोल्वेग


मोटेल, शनिवार, ९ मे

प्रिय सोल्वी,

दचकू नकोस, मी इथेच आहे, तुझ्या गावात! तू ड्यूटीवर आहेस, म्हणून हे दाराखालून सरकवतो आणि जेवायला जातो.

कार्डिनल झाले. दोन दिवसांत कंटाळा आला. मग म्हटलं, सुरुवात करायची तर जिथे चूक झाली तिथूनच करू. तिचाच फोटो, पण माझा. तू लिहिलंस तसा.

अर्वो फाटकात उभा होता. म्हणाला, "तो भोंगा तूच ना?"

मी म्हटलं, "होतो. आता सुधारलोय. सोल्वेगनेच सांगितलं, स्वतः काढ म्हणून."

"तिनं सांगितलं?"

मी तुझं पत्र दाखवलं. 'कॅमेऱ्याचं छान केलंस' ती ओळ. त्याने चष्मा लावून ती वाचली, तुझी सही बघितली आणि फाटक उघडलं. "तिनं म्हटलं असेल तर जा," म्हणाला. "लांबून." छापलं कुठेच नाही हं, नुसतं दाखवलं!

लांबून नीट दिसेना. फांद्या मध्ये येतात. कोठाराला शिडी टेकलेली होती, ती आणून शेजारच्या झाडाला लावली. वर गेलो तर समोरच ती! पण मान वळवेना. मग मी काठीने तिच्या खोडावर हलकेच टकटक केली. अगदी हलके, दारावर करतो तशी. आणि ती उठली. सोल्वी, केवढे पंख! आणि आवाज काहीच नाही. मी इतका गडबडलो की बटण दाबायचंच राहिलं.

पण ती गेल्यामुळे आतलं दिसलं. दोन अंडी आणि एक पिल्लू, ओलं, डोळे मिटलेलं. अंधारून आलं होतं म्हणून फ्लॅश वापरला, फोटो एकदम स्वच्छ आला. मग परत येतानाचा तरी मिळावा म्हणून शिडीवरच थांबलो, अगदी काही दिसेनासं होईपर्यंत. हात गारठले, पाय गारठले. तू म्हणाली होतीस तसंच. ती पलीकडच्या झाडावर बसून सारखी चोच वाजवत होती, पण आली नाही. फार लाजाळू आहे.

या वेळी सगळं नियमाने केलंय. रस्ता नाही, गाव नाही, अर्वो नाही, तू नाहीस. कोणाचं काही घेतलं नाही. कोपऱ्यात फक्त एक ओळ: 'छायाचित्र: मर्ल आसेन. सर्व हक्क राखीव.' एवढं लिहायला किती वेळ लागला सांगू? माझ्या नावापुढे कधी कुठलाच हक्क लिहिला नव्हता.

छापून घेतलेला एक फोटो पाकिटात ठेवला आहे. गावातल्या औषधाच्या दुकानात लगेच काढून मिळतो. उद्या चर्चच्या आधी कॉफीला भेटू. तुझा चेहरा बघायचा आहे मला.

तुझा,
मर्ल


१० मे

मर्ल,

पाकीट मध्यरात्री ड्यूटीवरून आल्यावर उघडलं. रात्री पाणी गोठलं होतं. सकाळी उजाडल्याबरोबर मी लाहती रोडला गेले.

घरट्यात काही नव्हतं. दोन्ही अंडी डोमकावळ्यांनी फोडली होती, टरफलं खोडाखाली पडली होती. पिल्लूही खाली होतं, कडक झालेलं. मादी कुठे दिसली नाही, तिचा आवाजही आला नाही.

फोटो परत पाठवते आहे. तो तुझा आहे. माझी तक्रार नाही.

अर्वोने शिडी कोठारात नेऊन ठेवली. मग मला फाटकाबाहेर सोडलं आणि आतून कुलूप लावलं.

सोल्वेग